आई-बाबांचं खातं, आई-बाबांचा फोन: फसवणुकीआधीची तयारी आणि पैसे गेल्यावरचा पहिला तास

घरातल्या ज्येष्ठ माणसाची फसवणूक झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण तुम्ही ओटीपी दिलातच कसा?" विचारणाऱ्याला तो साहजिक वाटतो. ऐकणारा मात्र त्यातून एकच गोष्ट शिकतो, की पुढच्या वेळी काही झालं तर घरात बोलायचं नाही. चोरांचा सगळा धंदा याच गप्प बसण्यावर चालतो.

शिवाय सध्याच्या मोठ्या फसवणुकींमध्ये ओटीपी कुणी मागतही नाही. माणूस स्वतः बँकेत जातो, मुदतठेव मोडतो, मोठी रक्कम पाठवण्याचा आरटीजीएसचा फॉर्म भरतो आणि स्वतःच्या सहीने आयुष्यभराची पुंजी परक्याच्या खात्यात पाठवतो. हे करणारे निवृत्त प्राध्यापक असतात, डॉक्टर असतात, बँकेतून निवृत्त झालेलेही असतात. त्यामुळे "बाबांना मोबाइलमधलं कळत नाही" हे निदान चुकीचं आहे. त्यांना घाबरवलं जातं, घाई केली जाते आणि एकटं पाडलं जातं. भीतीच्या त्या दोन तासांत माणसाने शहाण्यासारखं वागावं, अशी अपेक्षा ठेवून उपयोग नाही. त्या दोन तासांत त्याच्या हातून फार मोठी रक्कम जाऊच शकणार नाही, अशी व्यवस्था आधी करून ठेवायची. हा लेख मुख्यतः त्या व्यवस्थेबद्दल आहे.

आधी चोराचा फोन कसा असतो ते समजून घ्या

"डिजिटल अटक" हा प्रकार जवळून पाहू, कारण यात सगळ्या युक्त्या एकाच ठिकाणी दिसतात.

सुरुवात साध्या फोनने होते. कधी दूरसंचार खात्याचं नाव, "दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, अधिक माहितीसाठी नऊ दाबा." कधी कुरिअर कंपनीचं नाव, "आपके नाम के पार्सल में ड्रग्स मिले हैं." तुम्ही म्हणता, मी असं काही पाठवलेलंच नाही. समोरचा अगदी सहानुभूतीने म्हणतो, मग तुमच्या आधारचा कुणीतरी गैरवापर केलेला दिसतोय, मी तुम्हाला पोलिसांशी जोडून देतो, तक्रार नोंदवून टाका. इथे माणूस पहिल्यांदा फसतो, कारण त्याला वाटतं की हा आपली मदत करतोय.

मग व्हिडिओ कॉल येतो. गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, भिंतीवर बोधचिन्ह. तो तुमचा आधार क्रमांक खरोखर बरोबर वाचून दाखवतो. (ही माहिती फुटलेल्या याद्यांमधून सर्रास मिळते. ती कुणाकडे आहे म्हणून तो सरकारी माणूस ठरत नाही.) मनी लॉन्डरिंगच्या, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याच्या गुन्ह्यात तुमचं नाव आहे असं सांगून सीबीआय किंवा ईडीच्या शिक्क्याचं अटक वॉरंट व्हॉट्सॲपवर पाठवलं जातं. आणि मग ते वाक्य येतं, ज्यावर बाकी सगळं उभं असतं: "ही गोपनीय चौकशी आहे. घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आत घ्यावं लागेल." कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही. असं कधी तासन्‌तास, कधी अनेक दिवस चालतं. शेवटी मागणी होते ती "पडताळणीसाठी" सगळे पैसे "सरकारी खात्यात" पाठवण्याची. चौकशी झाली की परत मिळतील, असं लेखी पत्रही देतात.

वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्याकडून २०२४ मध्ये अशाच पद्धतीने ७ कोटी रुपये उकळले गेले. त्यांच्यासमोर तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली होती. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही, हे स्पष्ट सांगितलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला. घरी सांगताना एवढंच सांगा: भारतात कोणताही पोलीस, कोणतंही न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, आणि तपासासाठी नागरिकाचे पैसे कुठल्याही खात्यात मागवून घेत नाही. खरी नोटीस असेल तर ती हातात घेऊन वकिलाकडे जाता येतं. "कुणाला सांगू नका" असं पोलीस म्हणाले, तर ते पोलीस नाहीत.

पहिलं काम: पैशांची मांडणी बदला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फोनमधली सेटिंग बदलता येते, मनातली भीती काही सेटिंगने जात नाही. पण खात्यात पैसेच कमी असतील तर नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

बहुतेक ज्येष्ठांचं एकच खातं असतं. पेन्शन त्यातच, बचत त्यातच, ठेवी त्यालाच जोडलेल्या, आणि यूपीआयही त्याच खात्यावर. म्हणजे वाण्याला बिल देण्यासाठी उघडलेल्या ॲपमागे सगळी पुंजी उभी असते. हे वेगळं करा. पेन्शनचं आणि बचतीचं खातं एक, खर्चाचं दुसरं. खर्चाच्या खात्यात महिन्याच्या गरजेपुरती रक्कम दर महिन्याला आपोआप जाईल अशी कायमची सूचना बँकेला देऊन ठेवा. यूपीआय, ऑनलाइन खरेदी, वीजबिल, औषधं सगळं या दुसऱ्या खात्यातून.

खर्चाचं खातं शक्यतो दुसऱ्या बँकेत काढा आणि त्याला दुसरा मोबाइल क्रमांक द्या. यूपीआय ॲप मोबाइल क्रमांकावरून बँकेतली खाती शोधतं. एकच क्रमांक असेल, तर चोराने फोनवर बोलत बोलत डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी काढून घेतला की बचतीचं खातंही यूपीआयला जोडलं जाऊ शकतं. बचत खात्याचा क्रमांक साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवता आला तर उत्तमच. त्या फोनवर घातक ॲप टाकताच येत नाही, त्यामुळे तिथे येणारा ओटीपी दुसरीकडे वळवणं फार कठीण होतं.

बचत खात्यावर नेट बँकिंगची खरंच गरज आहे का, हे आई-बाबांनाच विचारा. बरेच जण फक्त शिल्लक पाहतात. काही बँका "फक्त पाहण्यापुरती" सुविधा देतात, ती मागा. नको असेल तर शाखेत अर्ज देऊन नेट बँकिंग बंदच करा. डेबिट कार्डाचं नियंत्रण ग्राहकाच्या हातात असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, मर्यादाही ठरवता येते. परदेशी बंद, ऑनलाइन बंद, एटीएमची रोजची मर्यादा गरजेपुरती.

आता मुदतठेवी. डिजिटल अटकेत खरा घाव इथेच बसतो. एकट्याच्या नावावरची ऑनलाइन ठेव मोबाइल ॲपवरून काही मिनिटांत मोडता येते. मोठ्या ठेवी शाखेतून, दोघांच्या नावे आणि "दोघांच्या सहीने" अशा पद्धतीने ठेवल्या, तर मुदतीआधी मोडायला दोघांनाही सही करावी लागते. भीतीने गोठलेल्या माणसाला दुसऱ्याची सही घ्यायला जावं लागतं, आणि तिथेच विषयाला तोंड फुटतं. एक अडचण मात्र आहे: अचानक दवाखान्याचा खर्च आला तर हीच अट आड येते. म्हणून एखादी मध्यम ठेव मुद्दाम एकट्याच्या नावे मोकळी ठेवा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. दुसरी सही, दुसरं नाव कुणाचं हे ज्येष्ठांनी ठरवायचं. ज्येष्ठांची आर्थिक लूट करणाऱ्यांत नातेवाईकही असतात, आणि सुरक्षेच्या नावाखाली एटीएम कार्ड, पासबुक, पिन ताब्यात घेणं ही त्या लुटीची नेहमीची सुरुवात. तुम्ही मदत करत असाल तर त्यांचा पिन तुम्हाला माहीत असण्याचं काहीच कारण नाही. व्यवहाराच्या सूचना ईमेलवर मागवता येतात. त्यांची हरकत नसेल तर तो ईमेल तुमच्याही फोनवर दिसू द्या. तेवढी नजर पुरते.

ज्यांना यूपीआयवर स्वतःचं खातं जोडायचंच नाही, त्यांच्यासाठी 'यूपीआय सर्कल' ही सोय चांगली आहे. मुलीच्या खात्यातून आईला ठरावीक मर्यादेत पैसे देता येतात. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत, आणि अर्धी मुभा दिली तर प्रत्येक व्यवहाराला मुलीने स्वतः मंजुरी द्यायची. किरकोळ खर्चाला 'यूपीआय लाइट' बरं. त्यात एका वेळी फार तर ५,००० रुपये असतात, म्हणजे धोकाही तेवढाच.

मांडणी बदलताना शाखेत स्वतः आई-बाबांबरोबर जा. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याशी ओळख करून द्या आणि मोकळेपणाने सांगा की हे अचानक मोठी ठेव मोडायला आले तर कृपया आम्हाला फोन करा. शाखेतल्या दक्ष कर्मचाऱ्याने दोन प्रश्न विचारल्यामुळे पैसे वाचले, अशा कितीतरी बातम्या येऊन गेल्या आहेत. आरटीजीएस किंवा एनईएफटी करताना पैसे घेणाऱ्याचं नाव आधी दिसण्याची सोयही आता आहे. "सीबीआयचं खातं" म्हणून दिलेल्या क्रमांकावर कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं नाव दिसलं, तर थांबायला तेवढं कारण पुरेसं आहे.

दुसरं काम: फोन नीट करा

अर्ध्या तासाचं काम आहे. फोन त्यांच्या हातात ठेवा, तुम्ही शेजारी बसून सांगत जा.

सगळ्यात आधी बाहेरून ॲप टाकण्याची परवानगी बंद करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे" असं काहीतरी असतं. तिथे व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर यांच्यापुढची परवानगी काढून टाका. कारण सध्याची मोठी डोकेदुखी एपीके फाइलची आहे. ओळखीच्या नंबरावरूनही "लग्नाची पत्रिका" किंवा "वाहतूक चलान" नावाची फाइल येते, शेवटी "डॉट एपीके" असतं. दाबलं की ॲप बसतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग बँकेचा प्रत्येक ओटीपी चोराकडे जातो. फोन तुमच्या हातातच असतो, कुणी काही विचारत नाही, तरी खातं रिकामं होतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

अशी फाइल चुकून उघडली गेलीच, तर त्या क्षणी फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नुसतं ॲप काढून भागत नाही. फोटो वगैरे जपून फोन पूर्ण रिसेट करून घ्या.

एनीडेस्क, टीमव्ह्युअर यांसारखी दुरून फोन चालवण्याची ॲप फोनमध्ये असतील तर काढा. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच अशा ॲपद्वारे होणाऱ्या लुटीबद्दल बँकांना सावध केलं होतं. हल्ली त्याचीही गरज उरलेली नाही, व्हॉट्सॲप कॉलवरच "स्क्रीन शेअर करा" म्हणतात. शेअर केली की ओटीपी आपोआप दिसतो. सांगताना असं सांगा: अनोळखी माणसाला आपली स्क्रीन दाखवणं म्हणजे ओटीपी वाचून दाखवणंच.

व्हॉट्सॲपच्या गोपनीयता विभागात अनोळखी कॉल शांत करण्याची सोय आहे, ती चालू करा. ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनी घ्यावं, प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना दिसावा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी. तो सहा आकडी पिन वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढे त्यांनाच आठवत नाही.

"हा क्रमांक डायल करा, पार्सल अडकलंय" असं सांगून *४०१* ने सुरू होणारा आकडा लावायला सांगतात. त्याने तुमचे कॉल चोराकडे वळतात आणि कॉलवर येणारे कोड त्याला मिळतात. शंका आली तर ##००२# डायल केल्यावर वळवलेले सगळे कॉल बंद होतात. आणि कारण नसताना बराच वेळ नेटवर्क गेलं, शेजारी त्याच कंपनीचं सिम मात्र चालू आहे, असं झालं तर ते कंटाळून सोडून देऊ नका. तुमच्या नावाने दुसरं सिम निघालेलं असू शकतं. ताबडतोब कंपनीला आणि बँकेला कळवा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर दिसतं. संशयास्पद फोन-मेसेजची तक्रारही तिथल्याच 'चक्षू' विभागात करता येते.

बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. तो फोनमध्ये नावाने साठवून द्या, कारण इंटरनेटवर शोधलं की चोरांनी पेरलेले खोटे क्रमांक वर येतात. बँकांचे संकेतस्थळाचे पत्ते आता "डॉट बँक डॉट इन"ने संपतात, हे एकदा दाखवून ठेवा. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी वेगळी मालिकाही दिलेली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी "बँकेतून बोलतोय" म्हणालं, तर फोन ठेवून साठवलेल्या क्रमांकावर आपण स्वतः लावायचा.

आधारबद्दल एकच: आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. ज्यांना अंगठा लावून पैसे काढायचे नसतात त्यांनी ते जरूर करावं. झेरॉक्स देताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्यावं.

तिसरं काम: बोलणं, आणि ते कसं बोलायचं

उपदेश केला की ज्येष्ठ मंडळी मान हलवतात आणि विसरतात. त्यापेक्षा प्रसंग सांगा आणि त्यांचं मत विचारा.

"बाबा, उद्या माझ्या आवाजात फोन आला, मी रडतेय, अपघात झालाय, लगेच चाळीस हजार पाठवा म्हणतेय, तर काय कराल?"

"पाठवीन. दुसरं काय करणार?"

"नंबर माझा नसेल तरी?"

"तू रडत असशील तर नंबर कोण बघतंय."

हे उत्तर खरं आहे, आणि त्याला हसू नका. थोड्याशा ध्वनिफितीवरून आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते, त्यामुळे आवाज हा पुरावा राहिलेला नाही. मग दोघांनी मिळून एक खूण ठरवा, जी फक्त घरच्यांना ठाऊक असेल. जुन्या शेजाऱ्यांचं आडनाव, लहानपणीच्या मांजरीचं नाव, काहीही चालेल, फक्त ती फेसबुकवर नसावी. फोनवर पैसे मागणाऱ्याने ती खूण सांगायची, नाहीतर फोन ठेवून आपण नेहमीच्या नंबरवर लावायचा. तुम्ही स्वतः खरंच अडचणीत असाल तेव्हाही हा नियम पाळा, रागावू नका.

दुसरा नियम: फोन चालू असताना पैशाचा निर्णय नाही. फोन ठेवायचा, आणि घरातल्या कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे. कुणाशी, ते नावासकट ठरलेलं हवं. परदेशातल्या मुलाला रात्री उठवायला आई-बाबा संकोचतात, म्हणून जवळचा एक माणूस यात धरा: पुतण्या, भाची, शेजारची विश्वासू ताई. आणि त्या माणसाने दहाव्यांदा आलेल्या क्षुल्लक शंकेलाही "बरं झालं विचारलंत" एवढंच म्हणायचं. मला विचाराल तर सगळ्या लेखात हे सर्वात कठीण काम आहे, कारण कामाच्या गडबडीत आपला आवाज चढतो, आणि त्यानंतर ते फोन करत नाहीत.

घरातले दुसरे एकटे ज्येष्ठही लक्षात ठेवा: विधवा मावशी, अविवाहित काका. गोड बोलून रोज चौकशी करणारा "गुंतवणूक सल्लागार" त्यांच्याकडे आधी पोहोचतो.

काही चाली, थोडक्यात

पैसे *मिळवण्यासाठी* यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुनं सामान विकताना "आगाऊ रक्कम पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोर असतो.

"चुकून तुमच्या खात्यात वीस हजार आले, परत करा" असा फोन आला तर एसएमएसवर विसंबू नका, तो बनावट असतो. खात्यातली शिल्लक पाहा. खरंच आले असतील तरी परस्पर परत न पाठवता बँकेला सांगा.

हयातीच्या दाखल्याच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पेन्शनरांना फोन येतात: दाखला अपडेट करतो, ओटीपी द्या. त्यांच्याकडे नोकरीची, निवृत्तीची तारीखही असते, त्यामुळे विश्वास बसतो. पेन्शन देणारा विभाग कुणाला फोन करून हयातीचा दाखला घेत नाही.

शेअर बाजाराचे व्हॉट्सॲप ग्रुप हा निवृत्त पुरुषांसाठी लावलेला सापळा आहे. ॲपवर नफा वाढताना दिसतो, सुरुवातीला थोडे पैसे काढूही देतात. मोठी रक्कम काढायला गेलं की "आधी कर भरा." शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेल्या मध्यस्थांच्या यूपीआय पत्त्यात आता "@व्हॅलिड" ही ओळख असते आणि 'सेबी चेक' या सोयीवर खातं तपासता येतं. पैसे एखाद्या व्यक्तीच्या किंवा भलत्याच कंपनीच्या खात्यात मागत असतील, तर तिथे शेअर बाजार नाहीच.

आणि "तुमचं खातं वापरू द्या, महिन्याला पैसे देतो" या मागणीला घरातल्या कॉलेजच्या मुलांनीही बळी पडू नये. चोरीचे पैसे फिरतात ते अशाच भाड्याच्या खात्यांतून, आणि पोलीस पहिल्यांदा त्या खातेदाराच्या दारात येतात.

पैसे गेलेच, तर पहिला तास

आधी एक वाक्य, मोठ्याने: "तुमची चूक नाही, आपण आत्ता काय करता येईल ते बघू." शांत झालेला माणूसच वेळ, रक्कम, क्रमांक नीट सांगू शकतो.

मग १९३० लावा. हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर यंत्रणेचा क्रमांक आहे. फोन लावण्यापूर्वी समोर हव्यात या गोष्टी: खातेदाराचं नाव आणि मोबाइल, बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख असलेला क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा तो १२ आकडी असतो, एनईएफटीचा १६, आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा. एसएमएसमध्ये किंवा ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. अनेक व्यवहार झाले असतील तर प्रत्येकाचा वेगळा द्या.

एवढा तपशील का, ते कळलं की घाईचं कारणही कळतं. तुमची तक्रार या यंत्रणेतून पैसे जिथे गेले त्या बँकेकडे जाते. रक्कम त्या खात्यात शिल्लक असेल तर ती गोठवली जाते. पुढे सरकली असेल तर तक्रार पुढच्या बँकेकडे, तिथून पुढच्या. चोर मिनिटामिनिटाला रक्कम तुकडे करून पुढे ढकलत असतात, शेवटी एटीएममधून काढतात किंवा क्रिप्टोत घालतात. तुमच्या आणि त्यांच्यातली ही शर्यत आहे. "उद्या सकाळी बँक उघडली की जाऊ" असं म्हणून थांबलात की ती हरल्यातच जमा.

घरात दोघं असाल तर एकाने १९३० लावायचा, दुसऱ्याने त्याच वेळी बँकेचा क्रमांक लावून कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं बंद करायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. १९३० लागत नसेल तर वाट पाहू नका. "सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन" या सरकारी संकेतस्थळावर थेट तक्रार करता येते. फोनवर तक्रार दिली असली तरी मिळालेला क्रमांक वापरून तिथे सविस्तर नोंद पूर्ण करा आणि पुरावे जोडा.

चोराचे मेसेज, कॉलची यादी, पाठवलेली खोटी पत्रं काहीही पुसू नका. लाजेने ज्येष्ठ मंडळी आधी तेच करतात. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.

त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर ठाण्यात लेखी तक्रार. तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, एफआयआरचा आग्रह धरा. शाखेतही लेखी अर्ज द्या, त्यात यूटीआर आणि १९३० चा क्रमांक लिहा आणि त्याचीही पोच घ्या. पुढचं सगळं या दोन कागदांवर चालतं.

बँकेची जबाबदारी कुठे सुरू होते

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ग्राहकाचं दायित्व ठरवून दिलं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने एक रुपयाही सोसायचा नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत मधेच कुठेतरी घात झाला, असं असेल तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की दायित्व शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्याला ५,००० रुपये. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर टाकलेली आहे. शाखेत "तुमच्या फोनवरूनच झालंय" म्हणून हात झटकले गेले, तर रिझर्व्ह बँकेचे हे नियम लेखी अर्जात नमूद करा.

पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, म्हणून कळवण्याची नेमकी वेळ कागदावर हवी. डिजिटल अटकेसारख्या प्रकारात व्यवहार माणसाने स्वतः केलेला असतो, त्यामुळे या नियमांचा आधार तिथे सहसा मिळत नाही. तिथे भिस्त गोठवलेल्या रकमेवर. ती न्यायालयाच्या आदेशाने परत मिळवता येते. ओसवाल यांच्या प्रकरणात सव्वापाच कोटी रुपये असेच वेळेत हालचाल झाल्याने हाती लागले.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. "सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन"वर तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

त्यानंतरचे काही आठवडे

फसलेल्या माणसाचा क्रमांक चोरांच्या यादीत "देणारा" म्हणून जातो आणि विकला जातो. थोड्याच दिवसांत फोन येतो: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवण्यासाठी शुल्क भरा." कधी वकील म्हणून, कधी पैसे परत मिळवून देणारी कंपनी म्हणून. आधीच्या फसवणुकीची रक्कम आणि तारीख त्यांना अचूक माहीत असते, आणि पैसे परत मिळण्याची आशा इतकी तीव्र असते की दुसऱ्यांदा फसणं पहिल्यापेक्षा सोपं असतं. पोलीस किंवा रिझर्व्ह बँक पैसे परत करण्यासाठी शुल्क घेत नाहीत. तपासाबद्दल कुणीही फोन केला तर ज्या ठाण्यात तक्रार दिली तिथे स्वतः जाऊन विचारा.

याच काळात त्या माणसाला एकटं सोडू नका. बरेच ज्येष्ठ जेवण टाकतात, बाहेर जाणं बंद करतात, फोनची रिंग वाजली तरी दचकतात. त्यांचा स्मार्टफोन काढून घेऊ नका, त्याने शिक्षा झाल्यासारखं वाटतं. खर्चाचं खातं त्यांच्याच हातात राहू द्या. बोलायला घरात कुणी नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' आहे. तो क्रमांक, १९३० आणि बँकेचा क्रमांक, तिन्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दूरध्वनीच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवा, कारण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी फोन चोराच्या कॉलमध्ये अडकलेला असेल.